पाणी अडवतं कोण: लेप की वीण?

मागच्या मे महिन्यात लेकीसाठी पावसाळी जाकीट आणायला गेलो होतो. पावसाळा लागला की दर रविवारी ती कुठल्या ना कुठल्या गडावर असते, आणि अंगाबरोबर ताणलं जाईल असं जाकीट तिला हवं होतं. दुकानातल्या मुलाने दोन जाकिटं काउंटरवर पसरली आणि पेल्यातलं पाणी दोन्हींच्या बाह्यांवर ओतलं. पहिल्यावर टपोरे मणी झाले आणि घरंगळत फरशीवर गेले. दुसऱ्यावर थेंब जरा पसरट बसले, बाही तिरकी केल्यावर मग हलले. “बघा काका,” तो म्हणाला, “हे फ्लोरिनवालं. दुसऱ्यात फ्लोरिन नाही, आणि परत त्याला स्ट्रेच आहे. ताणलं की लेप फुटतो. पाऊस आत येणारच.”

त्याला दोष देता येत नाही. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात माझी सव्वीस वर्षं गेली. पॅडिंग मँगलमधून चिंब कापड निघतं आणि स्टेंटरवर तापून कोरडं होतं, त्या यंत्रांशेजारी उभा राहून मीही नव्या पोरांना हेच सांगत आलो. कापड मुळात पाणी पितं, लेप त्याला पिऊ देत नाही. लेपांत फ्लोरिनचा लेप राजा, बाकीचे चालवून घ्यायचे. आणि जे कापड ताणतं त्याचा पावसात भरवसा धरायचा नाही. व्यापारी, कारखानदार, गिर्यारोहक, सगळ्यांच्या तोंडी हेच आहे. हा पूर्वपक्ष मी स्वतः इतकी वर्षं चालवला, म्हणून तो खोडून काढणं हेही माझंच काम आहे असं मला वाटतं.

आधी अंशांचा हिशेब करू. पृष्ठभागावर थेंब बसला की त्याची कड त्या पृष्ठभागाशी एक कोन करते. त्याला स्पर्शकोन म्हणतात, आणि त्याचा विचार थॉमस यंग यांनी १८०५ सालीच मांडला. कोन ९० अंशांच्या आत असेल तर पाणी पसरतं, तंतूंच्या फटींत ओढलं जातं. त्यापुढे गेला तर पाणी अंग आखडून घेतं. आता सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर उत्तमातल्या उत्तम फ्लोरिनचा कोन किती? साधारण १२० अंश. आणि साध्या मेणाचा? १०५ ते ११०. म्हणजे ज्या रसायनापायी एवढा गाजावाजा, त्याची मेणावर सपाटीला फार तर पंधरा अंशांची आघाडी. पण दुकानातले ते टपोरे मणी १२० अंशांचे नव्हते, त्यांचा कोन त्याहून कितीतरी मोठा होता. मग वरचे अंश आले कुठून?

याचं उत्तर आपल्या परसात उभं आहे. अळवावरचं पाणी आपण म्हणीत ठेवलं, पण भिंगाखाली फारसं धरलं नाही. अळूच्या पानावर थेंबाचा स्पर्शकोन दीडशे अंशांच्या पुढे जातो. त्या पानात फ्लोरिनचा कणही नाही, आहे ते मेण. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्तोफ नाइनहाउस यांनी १९९७ साली कमळाच्या पानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पानावर सूक्ष्म उंचवटे, त्यांवर मेणाचे त्याहून बारीक स्फटिक, आणि थेंब त्यांच्या टोकांवर टेकलेला, खाली हवा. हे घरी पाहता येतं. अळूचं पान उजेडात तिरकं धरून थेंबाच्या पोटाखाली बघा, पाऱ्यासारखी चकाकी दिसते. ती पाण्याखाली कोंडलेल्या हवेच्या थराची आहे. आता पानाचा एक कोपरा अंगठ्याने जरा जोरात चोळा आणि तिथे थेंब सोडा. तो चिकटतो, चकाकी नाहीशी होते. थोडं मेण अंगठ्याला लागलं असेल, पण उरलेलं तिथेच आहे, फक्त चुरडलेलं. पदार्थ मेणाचाच राहिला आणि घडण मोडली, तेवढ्याने पाणी जिंकलं.

कापडाच्या बाबतीत हीच गोष्ट कमळाच्या अभ्यासाआधी अर्धं शतक सांगून झाली होती, आणि सांगणारे लोकरीवर काम करणारे लोक होते, हे मला विशेष वाटतं. इंग्लंडातल्या लीड्समध्ये लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत कॅसी आणि बॅक्स्टर हे दोघे काम करत. १९४४ साली त्यांनी सच्छिद्र पृष्ठभाग कसे भिजतात यावर निबंध लिहिला. थेंब तंतू आणि हवा अशा मिश्र गादीवर बसलेला असतो. गादीत हवेचा वाटा जेवढा मोठा, तेवढा थेंब गोल. पृष्ठभागाच्या शास्त्रात आज त्यांचं समीकरण रोज वापरलं जातं. त्याच विचारात त्यांनी बदकाच्या पिसाचा दाखला घेतला. बदक चोचीने पिसांना तेल चोपडतं म्हणून कोरडं राहतं, असं आपण शाळेत शिकलो. त्यांचा निष्कर्ष वेगळा निघाला. बदकापाशी असाधारण असं कुठलंच रसायन नाही, असाधारण आहे ती पिसाच्या बारीक काड्यांची जाडी आणि त्यांच्यातलं अंतर. माणूस मात्र बदकापेक्षा सरस तेल शोधत बसला आणि पिसाकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

आपल्याकडे या तेलाच्या समजुतीचा जुळा भाऊ घोंगडीच्या वाट्याला आला आहे. धनगर घोंगडीची खोळ करून भर पावसात मेंढरांमागे उभा असतो. तो कोरडा कसा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, लोकरीत तेल असतं. हे तेल म्हणजे लॅनोलिन, मेंढीच्या कातडीतून पाझरणारं चरबट मेण. पण दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, तिच्यात हे मेण मेरिनो मेंढीच्या मानाने थोडं. शिवाय कातरण्याआधी धनगर मेंढरं ओढ्यात घालून धुतात. आणि लॅनोलिन पाण्याचा शत्रू मुळीच नाही. ते आपल्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी पोटात सामावून घेतं, म्हणून तर मलमं बनवणाऱ्यांना ते इतकं प्रिय. घोंगडीचा जीव तेलावर असता तर दोन धुण्यांत ती फडकं झाली असती. दहा-दहा वर्षं वापरलेली घोंगडी मी हातात घेतली आहे. आडवी धरून तिच्यावर थेंब सोडला की तो वर आलेल्या राठ केसांच्या टोकांवर तोलून राहतो, खालच्या विणीला टेकतसुद्धा नाही.

इथे रसायनाचं देणं मात्र चुकतं करायला हवं, नाहीतर माझाही युक्तिवाद एकांगी होईल. लोकरीच्या प्रत्येक केसावर, माशाच्या खवल्यांसारख्या पापुद्र्यांच्या बाहेरच्या अंगाला, एका मेदाम्लाचा जेमतेम एक रेणू जाडीचा थर असतो. तो लॅनोलिनसारखा वर चोपडलेला नसतो, प्रथिनाशी रासायनिक बंधाने जोडलेला असतो, म्हणून साध्या धुण्याने जात नाही. मशीनमध्ये आटू नये म्हणून लोकरीवर क्लोरिनची प्रक्रिया करतात तेव्हा हा थर खरवडला जातो, आणि मग लोकर पाणी घेऊ लागते. तेव्हा थराशिवाय भागत नाही हे खरंच. पण त्याचं काम किती? थेंबाला ९० अंशांचा उंबरा ओलांडून देणं, एवढंच. ते मेण करतं, सिलिकोन करतं, मेंढीचा तो एक रेणूही करतो. पुढची मजल विणीची. आणि आत गंमत अशी की हाच केस बाहेरून पाणी झटकतो आणि आतल्या गाभ्यात वाफ मात्र घेतो, आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश, तरी हाताला ओला लागत नाही. जुलैत कोकणात हवेतच इतका दमटपणा असतो की ‘श्वास घेणाऱ्या’ महागड्या जाकिटांच्या पडद्यातूनही घामाची वाफ बाहेर जायला कुरकुरते. तिथे वाफ स्वतःच्या अंगात घेणारा तंतू किती मोलाचा, ते खोळ घेतलेल्या माणसाला विचारावं.

आता ताणाकडे येऊ, कारण त्या मुलाचा सगळ्यात ठाम आक्षेप तोच होता. ताणलं की लेप फुटतो. हे वाक्य एका ठिकाणी खरं आहे. कापडाच्या पाठीवर सलग पापुद्रा चढवला असेल, रेक्झिनसारखा, तर ताणाने त्याला भेगा जातात. पण प्रत्येक तंतूवर वेगळा बसलेला थर फुटायचा तर आधी तो तंतू लांबायला हवा, आणि ताणणाऱ्या कापडात बाहेरचा तंतू फारसा लांबतच नाही. माझ्याकडे जुना पिक ग्लास आहे, एका इंचात धागे किती ते मोजायचं घडीचं भिंग. त्याखाली होजिअरीची बाही धरून हळूहळू ओढली. विणीची घरं आधी गोलसर होती, ती ओढीच्या दिशेने लांबट झाली, आडव्या अंगाने आवळली. कापड चांगलं चौथाईने वाढलं, पण सूत होतं तेवढंच, त्याने फक्त वळण बदललं. स्ट्रेचच्या सुतातही हेच. जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली ड्यूपाँटमध्ये घडवलेला तो लवचीक धागा, ज्याला आपण लायक्रा म्हणून ओळखतो, बहुतेकदा सुताच्या पोटात असतो आणि भोवती नायलॉनचं किंवा सुती वेटाळं. ओढलं की पोटातला धागा खरोखर लांबतो, वरचं वेटाळं नुसतं सैल होतं. पाणी लागतं ते वेटाळ्याला. मग लेप फुटला कुठे?

लोकरीचा केस तर स्वतःही लांबतो. त्याच लीड्समध्ये विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी १९३०च्या दशकात ओल्या केसाला ताण देत क्ष-किरणांनी त्याची चित्रं घेतली आणि आतल्या प्रथिनाच्या साखळ्या दुमडलेल्या अवस्थेतून सरळ होतात हे दाखवलं. ओला केस तीस टक्के ताणून सोडला तर मूळ लांबीवर परत येतो. पाण्याशी फटकून वागणारा आणि ताण सोसणारा तंतू घडवायला प्रयोगशाळा लागते, ही समजूतही मग बाजूला ठेवावी लागते. तो मेंढीच्या पाठीवर आहे.

ताणाने जे खरोखर बदलतं ते अंतर. दोन तंतूंमधली फट रुंदावते. याचा परिणाम काय, हे एमआयटीतल्या वोनजे चोई, अनिश तुतेजा, रॉबर्ट कोहेन, गॅरेथ मॅकिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली फार सुंदर दाखवलं. लेप दिलेलं पॉलिएस्टरचं कापड त्यांनी ताणलं आणि सोडलं, आणि तेच कापड तोच लेप असताना एका द्रवाला कधी वर तोलून धरतं, कधी आत घेतं, हे नुसत्या ताणाने ठरवता येतं हे सिद्ध केलं. त्यांच्या सूत्रात साध्या मेणाचे १०५ अंश घालून मी कागदावर गणित केलं. तंतूंच्या मध्यांतलं अंतर तंतूच्या जाडीच्या दुप्पट असेल तर थेंबाचा कोन १३३ अंशांच्या आसपास येतो. ताणून ते चौपट केलं तर जवळपास १४८. म्हणजे ताणलेल्या कापडावर थेंब अधिक गोल बसतो! पण त्याच हिशेबात दुसरी बाजू निघते. फट वाढली तशी थेंबाला तोलून धरणारी ताकद निम्म्याहून खाली येते. गोलाई वाढली आणि टिकाव घटला, एकाच ओढीत.

पूर्वपक्षाची मुळातली चूक मला इथे सापडली. पाणी झटकणं आणि पाणी अडवणं ही दोन कामं आहेत, आणि आपण पहिल्याच्या खुणेवरून दुसऱ्याची खात्री करून घेतो. दुकानातला पेला काउंटरपासून वीतभर उंचीवर होता. प्रयोगशाळेतली प्रमाणित फवारा चाचणीही फार वेगळी नाही. कापड रिंगणात ताठ बसवून ४५ अंशांत तिरकं ठेवतात आणि १५ सेंटिमीटरवरून २५० मिलिलीटर पाणी सोडतात. ते कापडावर पोचतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास असतो. पावसाचा दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब मात्र सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने येतो, आणि घाटमाथ्यावरचा पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब नऊ मीटरने. आदळण्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. साडेसहा मीटरच्या थेंबाचा दाब, आदळण्याच्या त्या क्षणापुरता, दोन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. नऊ मीटरच्या थेंबाचा चार मीटर स्तंभाएवढा. आणि मेण लावलेल्या विणीतली दहा मायक्रॉनची फट, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, पाऊण मीटरच्या स्तंभापुढे हार मानते. तिथे मेणाच्या जागी फ्लोरिन ठेवला तर ताकद दुप्पट होईल, पण फट दसपट बारीक केली तर ताकद दसपट होते. कारागिराने कुठे हात घालावा ते या एका तुलनेत दिसतं.

आणि ज्यांनी पाऊस खरोखर अडवला त्यांनी तिथेच हात घातला आहे. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने वैमानिकांसाठी व्हेंटाइल नावाचं सुती कापड घडवलं. लांब धाग्याचा उत्तम कापूस, अतिशय दाट वीण. पाणी लागलं की कापूस फुगतो आणि फटी आपोआप मिटतात. पाणी पिणाऱ्या तंतूनेच पाणी रोखलं, याहून बोलका दाखला पूर्वपक्षाविरुद्ध मला माहीत नाही. पुढे १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापलेली कांडी झटक्यात ओढली आणि ती फाटण्याऐवजी अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा होऊन वाढली. त्यातून गोर-टेक्स निघालं. टेफ्लॉन म्हणजे फ्लोरिनच, म्हणून हा विजय लोक फ्लोरिनच्या खात्यावर मांडतात. पण पडद्याची किमया छिद्रांच्या मापात होती, आणि ती ओढण्यातून आली. २०२२पासून गोर-टेक्सच्याच कंपनीने बिनफ्लोरिनच्या पॉलिएथिलीनचा तसाच ओढून केलेला पडदा बाजारात आणला आहे.

घोंगडीबद्दलही खरं तेच सांगतो. मुसळधार पावसात ती तासाभराने भिजते आणि जड होते. तोवर टिकते ती जाडीमुळे. थेंबाचा जोर वरच्या केसांत मोडतो आणि खालच्या थरापर्यंत तुषार पोचतो.

पूर्वपक्षाची एक बाजू खरोखर मजबूत आहे. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलीन्यूटन, तेलांचा ३०च्या आसपास. इतक्या ढिल्या द्रवाला मेण किंवा सिलिकोन ९० अंशांपलीकडे नेऊ शकत नाही. त्याला कापडावर तोलून धरतो तो फ्लोरिनच. इंधन उडण्याची भीती असलेल्या कामगाराचा पोशाख, रसायनं हाताळणाऱ्याचा अंगरखा, यांच्यासाठी हा मुद्दा निकाली आहे आणि तिथे मी वाद घालणार नाही. जाकिटाच्या मानेला अंगाचं तेल लागतं, तिथे मेणाचा लेप लवकर हरतो, हेही बरोबर. पण त्यावर उपाय वेळच्या वेळी धुणं आणि पुन्हा लेप देणं हा आहे. शाळकरी पोराच्या दप्तरावर आणि रेनकोटावर तेलाशी लढणारं रसायन कशासाठी?

कारण त्याची किंमत कोणीतरी मोजतं. कार्बन-फ्लोरिन बंध सेंद्रिय रसायनातल्या सगळ्यात बळकट बंधांपैकी आहे, म्हणून पीफास कुळातली ही रसायनं निसर्गात विरत नाहीत. त्यांतल्या पीफॉसचा २००९ साली आणि पीफोआचा २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत समावेश झाला. २०२२ साली स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरची पर्जन्यजलाची मोजमापं एकत्र मांडली. तिबेटच्या पठारावरच्या आणि अंटार्क्टिकातल्या पाण्यातही पीफोआचं प्रमाण अमेरिकेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेल्या मर्यादेहून जास्त निघालं. ज्या पावसापासून अंग वाचवायला हे रसायन वापरलं, ते त्या पावसातच जाऊन मिसळलं आहे. इटलीत व्हेनेतो प्रांतातल्या त्रिस्सिनो इथल्या ही रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यामुळे लाखो लोकांचं पिण्याचं पाणी नासलं. कारखाना २०१८ साली दिवाळखोरीत निघाला, त्याची यंत्रसामग्री पुढे विकली गेली आणि आली ती आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे-परशुरामला. तिथल्या वाशिष्ठी नदीच्या खोऱ्यातल्या माणसाला हा वाद आता परदेशातला म्हणून सोडून देता येणार नाही. फ्रान्सने जानेवारी २०२६पासून कपड्यांत ही रसायनं बंद केली. आपण अजून पेला ओतून मणी मोजतो आहोत.

मी दुकानातल्या मुलाला दुसऱ्या जाकिटाची चिठ्ठी उलटून दाखवायला सांगितली. पाण्याच्या स्तंभाचा आकडा दहा हजार मिलिमीटर होता, म्हणजे दहा मीटर. आतल्या अंगाला ताणणारा पडदा होता, बाहेर बिनफ्लोरिनचा लेप. बाही माझ्या कोपरावर चढवून हात दुमडला, ताणलेल्या जागी थेंब सोडला आणि पिक ग्लास लावला. चकाकी होती. मुलगा वाकून बराच वेळ बघत राहिला, मग त्याने पहिल्या जाकिटाची चिठ्ठीही उलटून पाहिली. तिच्यावर स्तंभाचा आकडाच नव्हता.

जुलैत लेक राजमाचीहून आली तेव्हा तिचा डावा खांदा ओला होता. जाकीट उलटं करून पाहिलं. सॅकचा पट्टा घासून शिवणीवरची टेप दोन बोटं उसवली होती आणि सुईच्या भोकांतून पाणी आलं होतं. कोपर दोन्ही कोरडे होते.